दोन हजार चाळीस मीटर

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. पुस्तकी मराठीत मला विरामघड्याळ म्हणतात, पण त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. पनवेलच्या मैदानावर सगळे मला ‘कर्णिकांचं घड्याळ’ म्हणूनच ओळखायचे.

माझ्याकडे बघून वेळ विचारू नका. सकाळ आहे की दुपार, हे मला कळत नाही. कुणीतरी निघालं, कुणीतरी पोचलं आणि मध्ये किती गेलं, एवढंच मला कळतं. माझ्या डोक्यावर एकच बटण आहे. ते पहिल्यांदा दाबलं की मी धावतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबलं की झालेलं सगळं विसरून शून्यावर येतो.

माणसांना असं तिसऱ्यांदा दाबायचं बटण नसतं, याचं मला पूर्वी नवल वाटायचं.

माझा जन्म परदेशातला. मला आठवतं ते इतकंच, की एक वयस्क बाई डोळ्याला भिंग लावून माझ्या पोटात चिमट्यानं चाकं बसवत होती आणि मधूनच मला कानाशी धरत होती. माझा आवाज तिला आवडला असावा, कारण तिनं मला डबीत ठेवताना हलकेच टिचकी मारली. मग आगबोट, मग मुंबई, मग एका गिरणीचा क्रीडा विभाग. तिथं मी कामगारांच्या शर्यती मोजल्या. गिरणी बंद पडली तेव्हा क्रीडा विभागाचं कपाट रिकामं करायला कुणी राहिलं नव्हतं. दर रविवारी हौसेनं वेळ मोजायला येणाऱ्या प्रभाकर कर्णिकांना तिथले लोक म्हणाले, “तुम्हीच घेऊन जा. तुमच्याशिवाय याला किल्ली कोण देणार?”

असा मी कर्णिकांचा झालो. पुढे ते नवीन पनवेलला राहायला आले आणि बेलापूरच्या सरकारी कचेरीत जाऊ लागले. माणूस अगदी कमी बोलणारा. चार लोकांत उभे राहिले तर कोपऱ्यात, आणि हात खिशात. त्या खिशात मी असायचो. बोलायची वेळ आली की त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून फिरत राहायचा. पण मैदानावर तोच अंगठा कधी चुकला नाही. धावणारा रेषेवर यायच्या आधी दाबायचा मोह भल्याभल्यांना होतो. त्यांना झाला नाही.

मैदानावर मी माणसांची एक गंमत पाहिली. धापा टाकत आलेला माणूस आधी पाणी मागत नाही. आधी विचारतो, “किती?”

कर्णिकांना या ‘किती’चंच वेड होतं. शंभर मीटर, आठशे मीटर, पंधराशे, यांचे विक्रम सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांना कुतूहल होतं ते त्या अंतरांचं, जी फारसं कुणी धावत नाही. सहाशे मीटर. दोन हजार मीटर. घड्याळ लावून तासभर धावत राहायचं आणि किती गेलो ते मोजायचं. जगात त्यांचेही विक्रम ठेवतात, पण शर्यती क्वचित होतात. आमच्या जिल्हा संघटनेची एक विक्रमपुस्तिका होती, पाच वर्षांतून एकदा छापली जाणारी. तिच्या सातव्या पानावर वर लिहिलं होतं, ‘क्वचित धावली जाणारी अंतरे’. त्या पानावर काय काय होतं! कुणीतरी १९६१ साली साडेपाचशे यार्ड धावून ठेवलं होतं. कुणी पाऊण मैल. आणि बाकी जागी आडव्या रेघा. महिला, दोन हजार मीटर: रेघ.

कर्णिक जेवता जेवतासुद्धा ते पान उघडून बसत. कुमुदवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, “नावं असलेली पानं लोक वाचतात. तुम्ही नसलेली वाचता.”

आणि त्या रेघेचं उत्तर वहिनींनाच मिळालं, तेही मासळी बाजारात.

सन १९९०चा पावसाळा नुकताच संपला होता. वहिनी मासळी घ्यायला गेल्या होत्या, मागे पिशवी धरून कर्णिक आणि खिशात मी. त्यांची नेहमीची कोळीण गंगाबाई त्या दिवशी उशिरा आली होती.

“काय गंगाबाई, आज उशीर?”

“उशीर मला नाय बाय, भरतीला झाला. होडी धक्क्याला लागली तवा फाट्यावर एस.टी. दिसत होती. पन माझी मैना हाय ना! ती गेली धावत आनि पायरीवर पाय ठेवून उभी राहिली. कंडक्टर घंटी मारतोय, ही हलत नाय. मी पाटी घेऊन पोचली, मग सोडली त्याला.”

मागून कर्णिकांनी विचारलं, “धक्क्यापासून फाटा किती लांब?”

“रोजच्या वाटंला कोन मोजतं सायेब? असंल दोन किलोमीटर.”

खिशात त्यांची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली. “आणि ती किती वेळात जाते?”

गंगाबाईनं कोयता खाली ठेवला. “तुमाला जिताडा पायजे का पोरीचं धावनं?”

“दोन्ही,” कर्णिक म्हणाले. वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढं हजरजबाबी उत्तर त्यांनी लग्नात नाव घेतानाही दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही उरणच्या वाटेवरच्या त्या कोळीवाड्यात गेलो. कर्णिक मला घेऊन फाट्यावर उभे राहिले. लांब धक्क्यावर गंगाबाईचा नवरा काशिराम लाल फडकं घेऊन उभा होता. मध्ये खारं वारं आणि बांधाची वाट. फडकं खाली आलं, मी निघालो. बांधावरून एक ठिपका येऊ लागला. मग त्याला हात फुटले, पाय फुटले. वीस वर्षांची उंच पोरगी, ओढणी कमरेला गुंडाळलेली, पाय अनवाणी. पाऊल टाकताना आवाज जवळजवळ नाहीच. ती आली, वाकली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, “किती?”

कुणी शिकवलं नव्हतं तिला हे.

कर्णिकांनी मला तिच्यापुढे धरलं. तिनं वाचलं, “सात मिनिटं, चाळीस. हे चांगलं का वाईट?”

“सांगता येत नाही. आपल्या जिल्ह्यात या अंतराची एकाही बाईची नोंद नाही.”

“मग पुस्तकात काय लिवलंय?”

“रेघ. आडवी.”

ती सरळ उभी राहिली. “म्हंजे तिथं एक नाव बसतं.”

“बसतं.”

“माझं नाव अजून कुठंच छापलेलं नाय सायेब,” मैना म्हणाली. “आता लग्नाच्या पत्रिकेत येईल. तेपन बारीक अक्षरात, बा’च्या नावाखाली.”

तिचं लग्न ठरलं होतं, उरणच्या एका बोटीच्या इंजिनवाल्याशी. होळी झाली की पंधरा-वीस दिवसांत लग्न. आणि पुस्तिका छापायला जाणार होती मार्चअखेर. म्हणजे जे करायचं ते त्याआधी. पुढची पुस्तिका पाच वर्षांनी. पाच वर्षांनी पोरीबाळींचं काय होतं, हे गंगाबाईनंच बोलून दाखवलं. “तवा हिच्या काखंत एक आनि हाताला एक असंल. कोन धावतंय?”

संघटनेचे सचिव ठोंबरे मास्तर. सरळ माणूस, पण नियमाला पक्का. पूर्वी एका गृहस्थांनी पाच हजार मीटर चक्क चालत पुरं केलं होतं आणि पुस्तिकेतली ओळ रिकामी आहे म्हणून विक्रम मागितला होता. तेव्हापासून ठोंबऱ्यांनी प्रत्येक अंतराला किमान दर्जा लावून ठेवला होता. महिलांच्या दोन हजाराला सात मिनिटं. सातच्या आत आली तर नाव, नाहीतर रेघ.

“आणि सरळ रस्त्यावर धावलेलं धरणार नाही,” ते म्हणाले. “फेऱ्यांची वाट पाहिजे. पनवेलचं मैदान होळीपर्यंत क्रिकेटवाल्यांकडे आहे. वाट तुम्हीच आखा कर्णिक. आकार कसाही असू दे. पण फेरी चारशेची. एक बोटही कमी नको.”

हिवाळाभर दर रविवारी आम्ही बांधावर जात होतो. कर्णिकांनी पोलादी टेप लावून तिथं दोन हजार मीटरची खूण केली होती. मी दर आठवड्याला थोडा थोडा आधी थांबू लागलो. सात एकतीस. सात वीस. सात आठ. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सहा अठ्ठावन्न. मैनानं मला हातात घेऊन दोनदा पाहिलं आणि मग काशिरामच्या डोळ्यांपुढे नेऊन धरलं. काशिरामला आकडे वाचता येत नव्हते. त्यानं आधी मला पाहिलं, मग पोरीकडे आणि म्हणाला, “हे हसतंय का?” मला हसता येत असतं तर मी खरोखरच हसलो असतो.

वाटेसाठी गावाबाहेरचं खाजण ठरलं. सपाट, वाळून टणक झालेली खारी जमीन. कर्णिकांना कचेरीतून एकच दिवस सवड मिळाली. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. काशिरामच्या अंगणात त्याचा नवा नायलॉनचा दोर जमिनीवर सरळ पसरला, शेजारी पोलादी टेप ठेवली आणि बरोबर पन्नास मीटरवर लाल धागा बांधला.

“हा दोर आठ वेळा लावायचा. दर दोराला एक खुंटी. आठ खुंट्यांची एक फेरी. धावायचं खुंट्यांच्या बाहेरून. आणि काशिराम, कमी नको.”

“सायेब,” काशिराम छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझ्या पोरीच्या वाटंत कमी? नाय व्हनार.”

शुक्रवारी कर्णिक कचेरीत असताना गावानं वाट आखली. आठ खुंट्या, मध्ये चुन्याच्या रेघा. लांबून ती वाट म्हणजे जमिनीवर ठेवलेली आठ कोनांची मोठी थाळीच वाटायची.

होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी कर्णिकांनी पुन्हा दोर पसरून टेपनं मोजला. बरोबर पन्नास. ते निश्चिंत झाले. मीही झालो. ठोंबरे मास्तर आणि पनवेलचे आणखी एक शिक्षक आपापली घड्याळं घेऊन आले. तीन घड्याळं, तीन अंगठे. तिघांची वेळ वेगवेगळी निघाली तर मधली धरायची, असा नियम.

सात मिनिटांत पाच फेऱ्या, म्हणजे एका फेरीला चौऱ्याऐंशी सेकंद. मैनाला हा आकडा तोंडपाठ होता.

पहिली फेरी ब्याऐंशी. गावातल्या बाया ओरडत होत्या. दुसरीअखेर दोन सेहेचाळीस, अजून दोन सेकंद हातात. तिसरीअखेर चार बारा, जेवढ्यास तेवढं. चौथीला ती तीन सेकंद मागे पडली. कर्णिकांचा तळहात ओला झाल्याचं मला कळत होतं. शेवटच्या फेरीत तिनं मान मागे टाकली आणि तोंड उघडं ठेवून धावली. गंगाबाई चुन्याच्या रेघेशेजारून तिच्याबरोबर धावत होती. “चल गो! एस.टी. सुटली! एस.टी. सुटली!”

माझा मोठा काटा सातव्या वेळी वर आला, पुढे गेला, आणि मग अंगठा खाली आला. सात मिनिटं, तीन सेकंद आणि वर दोन पंचमांश. बाकीची दोन घड्याळं एक जरा अलीकडे, एक जरा पलीकडे. मधली वेळ माझी. सात-तीन-चार.

मैनानं विचारलं, “किती?”

कर्णिकांनी मला तिच्यापुढे धरलं. तिनं वाचलं, मान हलवली आणि ओढणीनं तोंड पुसत बापाकडे गेली. “नाय झालं बा,” एवढंच म्हणाली. आजवर लोकांच्या आनंदाच्या वेळा मी कितीतरी दाखवल्या होत्या. त्या दिवशी काच फुटली असती तर बरं, असं मला वाटलं.

नियमाप्रमाणे कागदावर सह्या झाल्या. सह्या होईपर्यंत घड्याळ शून्यावर आणायचं नसतं. सह्या झाल्यावरही कर्णिकांनी मला शून्यावर आणलं नाही. तसंच खिशात टाकलं.

घरी आल्यावर ते मला टेबलावर ठेवून बसत. सात-तीन-चार. शेजारी वहीत बांधावरचे आकडे. वहिनी म्हणाल्या, “घाबरली असेल हो पोरगी. लग्न तोंडावर आलंय.”

“नाही,” कर्णिक म्हणाले. “घाबरलेला माणूस पहिली फेरी ब्याऐंशीची मारत नाही. जमीन बांधापेक्षा टणक. वारा नाही. मग हे पाच सेकंद गेले कुठं?”

असे प्रश्न त्यांना झोपू देत नसत. दुसऱ्या कुणी नशीब म्हणून सोडून दिलं असतं.

बारा-तेरा दिवस गेले. लग्नाची पत्रिका आली. तिच्यात मैनाचं नाव बारीक अक्षरातच होतं. कर्णिक कचेरीतून रजा काढून कोळीवाड्यात गेले. काशिरामच्या घरापुढे मांडव पडला होता. तो स्वतः मात्र धक्क्यावर होता. त्याची होडी त्याच नायलॉनच्या दोरानं दगडाला बांधलेली होती. ओहोटी लागली होती. पाणी होडीला बाहेर ओढत होतं. दोर ताठ झाला, बारीक झाला, त्यातून पाण्याचे थेंब पिळून निघाले. आणि दोरावरचा लाल धागा, जो धक्क्याच्या कडेला टेकला होता, तो हळूच वीतभर पुढे सरकला.

कर्णिक तो धागा बघत राहिले. लाटेनं होडी जवळ आली, धागा मागे. होडी लांब गेली, धागा पुढे.

“काशिराम, हा दोर वाढतो?”

“नायलॉन हाय सायेब. ताणला की वाढनारच. सोडला की पुन्यांदा होता तेवडा. ते काय नवीन हाय?”

“मग खाजणावर मोजताना...?”

“तिथं तर मी सा गडी लावले.” काशिरामच्या आवाजात अजून अभिमान होता. “तीन हिकडं, तीन तिकडं, जाळं वढतात तसं. ढिल्या दोरानं मापनं म्हंजे चोरी. आमच्यात तसं कुनी मापत नाय. तुमी म्हनला होता ना, कमी नको?”

कर्णिकांनी पिशवीतून पोलादी टेप काढली आणि दोघं खाजणावर गेले. आठही खुंट्या जागच्या जागी होत्या. पहिल्या दोन खुंट्यांमध्ये एकावन्न मीटर. पुढच्या दोनमध्ये एकावन्नला बोटभर कमी. त्यापुढे एकावन्न आणि वर चार बोटं. सगळी मिळून फेरी भरली चारशे आठ.

पाच फेऱ्या. दोन हजार चाळीस मीटर.

मैना चाळीस मीटर जास्त धावली होती. कर्णिकांनी मातीत बसून हिशेब केला. तिच्या वेगानं चाळीस मीटरला आठ-साडेआठ सेकंद. म्हणजे दोन हजार मीटर तिनं सहा मिनिटं पंचावन्न सेकंदांच्या आसपास पार केले होते. त्या क्षणी माझा काटाही त्या आकड्यावर होता. मी तिथून गेलो होतो! पण मला कुणी तिथं थांबवलं नाही, आणि मला स्वतःहून थांबता येत नाही.

ज्याला दोर माहीत होता, त्याला टेप माहीत नव्हती. ज्याला टेप माहीत होती, त्याला दोर माहीत नव्हता. दोघांनाही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट इतकी साधी वाटली होती, की ती सांगायची असते हेच सुचलं नाही.

काशिराम खुंटीपाशी उकिडवा बसला. “मंग मीच हरवली माज्या पोरीला. सा गडी लावून हरवली.”

“मी दोर मोजला. जमीन मोजली नाही,” कर्णिक म्हणाले. “दोनदा दोर मोजला, काशिराम. चूक माझी.”

पुन्हा धावायचं म्हटलं तर मैनाला आदल्या दिवशीच हळद लागली होती. त्यांच्यात हळद लागली की नवरी लग्न होईपर्यंत गावाची वेस ओलांडत नाही, आणि खाजण वेशीबाहेर. लग्न चार दिवसांवर, पुस्तिका छापायला जाणार तीन दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्णिक ठोंबरे मास्तरांना घेऊन आले. मास्तरांनी स्वतः आठही बाजू मोजल्या. मग सगळे मांडवात येऊन बसले. पिवळी झालेली मैना दारात उभी राहिली. काशिराम मांडवाच्या खांबाआड, तिच्याकडे न बघता.

“वाईट वाटतं,” मास्तर म्हणाले. “पण दोन हजारावर कुणी बटण दाबलेलं नाही. हिशेबानं काढलेली वेळ मी लिहू शकत नाही. उद्या कुणीही हिशेब घेऊन येईल.”

“ते बरोबरच आहे सर,” कर्णिक म्हणाले.

मला वाटलं, संपलं. त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून फिरत होता. पण मग त्यांनी मला खिशातून बाहेर काढलं आणि मास्तरांपुढच्या पाटावर ठेवलं.

“मग जे मोजलंय तेवढंच लिहा. अंतर तुम्ही स्वतः मोजलंत. वेळ तीन घड्याळांनी मोजली. हे मी अजून शून्यावर आणलेलं नाही. महिला, दोन हजार चाळीस मीटर, सात-तीन-चार.”

मास्तर हसले. “दोन हजार चाळीस? असं अंतर कुठं असतं का हो?”

“मंग पोरगी धापा टाकीत आली ती काय हवेतनं आली?” आतून गंगाबाई गरजली.

“पहिल्यांदा कुणी धावेपर्यंत कुठलंच अंतर नसतं सर,” कर्णिक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण ते थांबले नाहीत. “साडेपाचशे यार्ड तरी कुठं असतं? सातव्या पानावर आहे.”

मास्तरांनी पुस्तिका काढली, सातवं पान उघडलं, चष्मा सारखा केला. बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेलं आणि म्हणाले, “दोन हजार चाळीसला मी किमान दर्जा लावलेला नाही.”

“नाही,” कर्णिक म्हणाले.

“लावायचं कधी सुचलंच नसतं म्हणा.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “नाव सांग गो बाई. पूर्ण.”

मैनानं पूर्ण नाव सांगितलं. मग ती खांबाकडे गेली. काशिराम तोंड फिरवून उभा होता. तिनं हळदीचा हात त्याच्या सदऱ्याला लागू न देता म्हटलं, “बा, तू दोर ढिला धरला असता तर मी दुसऱ्याच्या मापात बसली असती. आता ही लाइन माझी एकटीची हाय. आनि ती तू वढलेली हाय.”

काशिरामनं दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं ओरडला, “अरे, मास्तरांना सरबत द्या कुनी!”

मे महिन्यात पुस्तिका आली. सातव्या पानावर, शेवटच्या ओळीत, बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरात तिचं नाव होतं. दोन हजार मीटरपुढे रेघ तशीच राहिली.

आता १९९८ साल आहे. ते खाजण भरावाखाली गेलं. तिथं जहाजांवरच्या मोठमोठ्या लोखंडी पेट्यांचे ढीग लागतात. आठ खुंट्या कुठं होत्या, ते काशिरामलाही सांगता येत नाही. कर्णिक मैदानावर आकडे चमकणारं नवं घड्याळ नेतात. मी अगदी परवापर्यंत त्यांच्या कपाटात, वहीशेजारी, सात-तीन-चारवर थांबलेलो होतो. सात वर्षं मला कुणी शून्यावर आणलं नाही. हा पुरावा आहे, असं कर्णिक म्हणत. एवढं एकच आठवत मी पडून होतो. विसरता न येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माणसांचं नवल वाटेनासं झालं.

गंगाबाई थकली. आता पाटी घेऊन मैनाच पनवेलला येते. कधी मासे द्यायला घरी आली की दारातूनच विचारते, “सायेब, कुनी मोडला?”

“नाही गं.”

एवढं ऐकून ती खूश व्हायची. पण गेल्या महिन्यात आली, तेव्हा पाटी खाली ठेवून पायरीवरच बसली. “कुनी धावलंच नाय तर मोडनार कसा? एकटं एकटं वाटतं सायेब त्या लायनीला. ते घड्याळ कुठं हाय?”

कर्णिकांनी मला आणून तिच्या हातात दिलं. माशांचा, मिठाचा आणि बर्फाचा तो हात मी लगेच ओळखला. तिनं आकडा वाचला, हसली.

“छापलेलं हाय ना? मग ह्याला कशाला अडकवून ठेवलंय? सोडा ह्याला.”

कर्णिकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तूच दाब.”

तिनं दाबलं. सात वर्षांनी माझे दोन्ही काटे एका झेपेत वर गेले. कर्णिकांनी मला किल्ली दिली, कानाशी धरलं आणि तोंडभर हसले. माझा आवाज अजून तसाच आहे म्हणे.

तर आता मी शून्यावर आहे. स्प्रिंग भरलेली आहे. पनवेलला, उरणला, शिरढोणला, कुठंही एखादी सपाट जागा असेल आणि कुणाला धावायचं असेल, तर कर्णिकांचं दार ठोठावा. मैना स्वतः बघायला येणार आहे, तसं तिनं सांगून ठेवलंय. अंतर दोन हजार चाळीस मीटर. वेळ मोडायची आहे सात-तीन-चारची. आठ खुंट्या आणि पन्नास मीटरचा नायलॉनचा दोर घ्या. टेप कर्णिक आणतील.

मोजताना दोर मात्र ताणून धरा.